जॉनीच्या गाडीतलं कासव

“ही गाडी नाय, मेणा हाय मेणा. पुढे-मागे चार भोई लावले की झालं.”

जॉनी हे स्टीअरिंगला सांगत होता. बायकोला ऐकवायचं असतं तर तो याच्या दुप्पट आवाजात बोलला असता. पण जोसेफीनचा कान त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होता, आणि इतक्या वर्षांच्या संसारात तो कान मोठ्याने बोललेल्यापेक्षा पुटपुटलेलंच जास्त नीट ऐकायला शिकला होता. तिने खिडकीबाहेर पाहिलं. आरे कॉलनीचा चढ होता. डाव्या बाजूने एक सायकलवाले गृहस्थ त्यांना मागे टाकून गेले. जाताना त्यांनी वाकून आत पाहिलं, गाडीत कुणी आजारी माणूस आहे का, अशा काळजीने.

“दाबतोय मी. पुरता दाबतोय,” जॉनी म्हणाला. मागे बस हॉर्न देत होती. “पिकअपच नाय या गाडीला. आणि हे कासव काय हाय?”

स्टीअरिंगमागच्या पडद्यावर, एका कोपऱ्यात, एक चिमुकलं पिवळं कासव दिसत होतं.

“कंपनीची खूण असेल,” जोसेफीन म्हणाली.

“आधी नव्हती.”

“आता दिली असेल.”

कासव कुठून आलं हे जोसेफीनला पक्कं ठाऊक होतं. ते तिनेच आणलं होतं.

त्याचं असं झालं. जॉनी हा आरेच्या डेअरीत दुधाची गाडी चालवून रिटायर झालेला माणूस. मुंबई झोपेत असताना आपण तिला दूध पाजलं, असं तो स्वतःच सांगतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ते सांगायची वेळ येत नाही. मरोळ गावठाणात, क्रूसाच्या गल्लीत त्याचं घर. आधी त्याची फियाट होती, मग एक लहान पेट्रोलची गाडी आली, आणि गेल्या वर्षी मुलीने, टिनाने, ही विजेवरची घेऊन दिली. गाडी झकास होती. आवाज नाही, धूर नाही, आणि पायाने नुसता इशारा केला की बाणासारखी सुटायची.

मग जॉनीला शुगर आली. शुगर कुणाला नसते. गावठाणात शुगर नसलेल्या माणसाकडे लोक जरा संशयानेच बघतात. पण जॉनीची शुगर पायात उतरली. एका रविवारी तो मिस्साहून घरी आला तो एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात काहीच नाही. चर्चच्या पायरीवर सुटलेली चप्पल सबंध रस्ताभर त्याला जाणवली नव्हती. जोसेफीनने विचारलं तर म्हणाला, “तुटली होती ती.” ती तुटलेली नव्हती. जोसेफीनने ती गपचूप आणून जोडीच्या शेजारी ठेवली आणि दोघांनीही तो विषय चपलांच्या कपाटात बंद करून टाकला. डॉक्टर म्हणाले, रोज पायाचे तळवे तपासा, लागलं तरी कळणार नाही. “आणि गाडी चालवायचं?” असं जोसेफीनने विचारलं तेव्हा ते औषधं लिहिण्यात एकदम गुंतले आणि मान खाली घालून म्हणाले, “सांभाळून.” हा एक शब्द डॉक्टर लोक अशाच अडचणीसाठी राखून ठेवत असावेत.

त्यानंतर ईस्टरच्या आठवड्यात जॉनी बाजारातून बोंबील घेऊन आला, गल्लीत वळला, आणि जिथे थांबायचं तिथे थांबायच्या ऐवजी गाडी पुढे झेपावली आणि क्रूसाच्या चौथऱ्याला जाऊन भिडली. चौथऱ्याचा कोपरा गेला. त्या चौथऱ्यावर रोज संध्याकाळी गल्लीतली पोरं बसतात. त्या दिवशी ग्लेनरॉयच्या घरी वाढदिवसाचा केक कापत होते म्हणून ती आत होती.

“गाडी उसळली,” जॉनी म्हणाला.

“विजेच्या गाड्या उसळतातच,” लॉईड म्हणाला. लॉईड म्हणजे जॉनीचा चुलतभाऊ, समोरच्या घरातला. त्याने जन्मात विजेची गाडी चालवलेली नव्हती. ग्लेनरॉय हा शेजारचा तरुण माणूस. त्याने दुसऱ्या दिवशी कोपऱ्याला सिमेंट लावलं, लॉईडने वरून चुना फासला, आणि गाडी उसळली यावर सबंध गल्लीचं शिक्कामोर्तब झालं.

जोसेफीनने मात्र मुलुंडला टिनाला फोन लावला. गाडीचं ॲप टिनाच्या फोनमध्ये होतं, कारण जॉनीला ओटीपी या प्रकाराचा मनापासून तिटकारा. त्या ॲपमध्ये ‘लर्नर मोड’ नावाची एक सोय होती. मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि गाडी मागायला लागला की बापाचा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून कंपनीने ती दिलेली. बटण दाबलं की पिकअप अर्ध्याहून कमी होतो, आणि पडद्यावर कासव येतं. टिनाने मुलुंडला बसून बटण दाबलं आणि मरोळमध्ये मुंबईला दूध पाजणारा ड्रायव्हर नवशिका झाला. हे त्याला कोणी सांगायचं, यावर मायलेकींची चर्चा झाली आणि झटकन एकमतही झालं: कोणीच नाही.

हे असं बिनबोभाट चाललंही असतं. पण लॉईडच्या वेन्डीचं लग्न ठरलं.

आता क्रूसाच्या गल्लीतली रीत अशी की नवरी चर्चला जायची ती जॉनीच्या गाडीतून, आणि गाडी चालवायची ती जॉनीने. ही रीत कुठल्या पुस्तकात नाही. फियाटच्या काळात गल्लीत गाडीच एक होती, म्हणून ती पडली. आता गल्लीत माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या तरी रीत तशीच. पुढे बॅन्ड, बॅन्डच्या मागे फुलं उधळणारी पोरं, पोरांच्या मागे जॉनीची गाडी. वेन्डी जन्मली तेव्हा लॉईड हॉस्पिटलातून तिला जॉनीच्याच गाडीतून घेऊन आला होता, आणि त्या दिवसापासून जॉनी सांगत आला होता की हिला चर्चला मी नेणार.

जोसेफीनला रात्री झोपताना डोळ्यांपुढे एकच चित्र यायचं. बॅन्ड, मग पोरं, मग गाडी.

“बॅन्डच्या मागे तर चालायचं,” ती एकदा म्हणाली. “त्याला पिकअप कशाला पाहिजे तुला?”

“गावठाणाबाहेर पडल्यावर काय करू? मेन रोडला नवरीला घेऊन असा रांगत जाऊ? वेन्डी चर्चला पोहोचेपर्यंत तिच्या पोराचं बारसं जेवायला लोक येतील.” जॉनीने कमरेवर हात ठेवले. “लग्नाच्या आधी मी या गाडीचा रोग शोधून काढणार. मी पण डेअरीचा माणूस हाय.”

रोग शोधायला सुरुवात झाली तशी गल्ली धावून आली. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर लोक एक वेळ डॉक्टरचं नाव सांगून गप्प बसतील. गाडी आजारी पडली की कुणी गप्प बसत नाही.

लॉईड म्हणाला टायर. चारही टायर बदलले. कासव होतं तिथेच होतं. मग लॉईड म्हणाला वजन. डिकीतून छत्र्या, बादली, पिकनिकची चटई, जॅक आणि कुणाचं तरी विसरलेलं गिटार बाहेर काढलं. पुढची सीट काढायची का, इथपर्यंत बोलणं गेलं, तेव्हा जोसेफीनने मी कुठे बसू असं विचारलं. लॉईडने काही क्षण त्यावर खरोखर विचार केला.

पलीकडच्या बिल्डिंगमधल्या नलिनीताई मालवणच्या. त्यांनी गॅलरीतून उतरून, काचेला नाक लावून कासव पाहिलं.

“जॉनीनूं, ह्यां तर शुभ असा,” त्या म्हणाल्या. “आमच्या देवळात गाभाऱ्यासमोर असता मां. त्येका काढूक जाव नको.”

“देवळातल्या कासवाला कुठे जायचं नसतं, नलिनीताई. मला चर्चला जायचंय.”

नलिनीताईंनी जोसेफीनकडे एक नजर टाकली. फार समजूतदार नजर होती ती. जोसेफीनला तेव्हा ती नुसती सहानुभूती वाटली.

मग सर्व्हिस सेंटर. ते भांडुपला, मेन रोडवर. आत एसी, कॉफीचं मशीन, आणि गाड्यांपेक्षा सोफे जास्त. टोकन घेऊन बसल्यावर सर्वेश नावाचा हसतमुख मुलगा आला. त्याने आधी जॉनीचं नाव, मग मोबाइल, मग ‘आजचा तुमचा अनुभव कसा होता’ हे विचारलं. जॉनी म्हणाला, अजून अनुभव आलाच नाय, मी आत्ताच आलो. सर्वेशने ‘समाधानकारक’वर बोट दाबलं. त्याने गाडीला वायर लावली, आपल्या पडद्यावर बघितलं, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

“सर, ह्यात काही प्रॉब्लेमच नाही. हा तर लर्न—”

जोसेफीनला खोकला आला. असा खोकला तिला आयुष्यात आला नव्हता. ती वाकली, तिने सोफ्याची पाठ धरली, डोळ्यांत पाणी आलं. जॉनी पाणी आणायला मशीनकडे धावला. तेवढ्यात तिने सर्वेशचा हात धरला.

“बाळा, त्याला सांगू नको. त्याच्या पायाचं...” ती थांबली. हे वाक्य तिने अजून कुठेच पुरं केलेलं नव्हतं, आणि भांडुपच्या सोफ्यावर ते पुरं करायची तिची तयारी नव्हती.

सर्वेशने पडद्यावरचं पान बंद केलं. “माझे आजोबा पण,” तो हळूच म्हणाला. तेही वाक्य त्याने पुरं केलं नाही.

जॉनी कागदी कप घेऊन आला तेव्हा सर्वेश भिंतीकडे बघत गंभीरपणे सांगत होता की सर, सॉफ्टवेअर आहे, वरून येईल.

“वरून म्हणजे?”

“वरून, सर.”

“कधी?”

“ते वरच्यांनाच माहीत.”

जॉनी धार्मिक माणूस. पण गाडीच्या बाबतीत इतकं वरपर्यंत जायची त्याची तयारी नव्हती. घरी येईपर्यंत तो कंपनीला, सर्वेशला आणि एकूण हल्लीच्या पोरांना शिव्या देत होता. आणि गाडी ज्या वेगाने चालली होती, त्यात पवई येईपर्यंतच शिव्या बऱ्याच झाल्या.

गल्लीत ग्लेनरॉय त्याची वाटच बघत होता. ग्लेनरॉय घरी सॉसेज बनवून विकतो, त्यामुळे तो फ्रीझरच्या आणि पर्यायाने विजेच्या शास्त्रातला जाणकार मानला जातो.

“अंकल, गाडीत काय प्रॉब्लेम नाय,” तो म्हणाला. “वीज पातळ हाय.”

“पातळ?”

“गावठाणाच्या वायरी जुन्या. वीज येते, पण तिच्यात दम नाय. तुम्ही रात्रभर चार्जिंग केलं तरी आत भरते ती पातळच वीज. मग गाडी पळेल कशी?”

दुसरा कुणी असता तर हसला असता. पण जॉनीने जन्मभर दुधाचे कॅन पाहिले होते. कॅन तेवढाच, माप तेवढंच, आणि तरी चहाला रंग चढत नाही, हे काय असतं ते त्याला सांगावं लागत नव्हतं. तो ओट्यावर बसला. “पाणी घालतात,” तो म्हणाला. “विजेत पाणी घालतात साले.”

आणि हे तपासून बघायची सोपी रीतही त्याला लगेच सुचली. चांगल्या वस्तीतली वीज भरून बघायची.

टिना राहते ती मुलुंडची सोसायटी चांगल्या वस्तीत मोडते, म्हणजे तिथे पाहुण्याला लिफ्टमध्येही परकं वाटेल इतक्या सूचना लावलेल्या आहेत. चार्जिंगच्या खांबावर ‘फक्त सभासदांसाठी’ होतं. सेक्रेटरी धोंडिरामभाऊ लुंगीवर खाली आले. पाहुण्याच्या गाडीला वीज देता येते का, हा प्रश्न कुठल्याच सभेपुढे आलेला नसल्यामुळे त्यावर हो म्हणता येत नव्हतं, आणि नाही म्हणायलाही ठराव लागला असता. शेवटी जावई सुयोगने आपली गाडी हलवून त्या जागी सासऱ्यांची उभी केली, आणि ती तांत्रिकदृष्ट्या सुयोगचीच आहे असं धरून धोंडिरामभाऊ वर गेले.

वडील खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर, खांबाशेजारी, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे बसून होते. टिनाला ते खिडकीतून दिसत होते. तिला राहवलं नाही. तिने फोन काढला आणि लर्नर मोड थोडा सैल केला. थोडाच. पडद्यावरचं कासव फिकट झालं.

परतीच्या वाटेवर पहिल्याच सिग्नलला हिरवा दिवा लागला आणि गाडी सुटली. पुढच्या रिक्षाची मागची नंबर प्लेट जोसेफीनला इतकी जवळून दिसली की तिच्यावरची धूळही मोजता आली असती. गाडी थांबली तेव्हा तिचे हात हँडलला चिकटले होते.

“बघितलंस?” जॉनीचा चेहरा फुलला होता. “मुलुंडची वीज घट्ट हाय.”

जोसेफीनने घरी येऊन मोरीत जाऊन, नळ सोडून, टिनाला फोन केला. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, “आवळ गो. होतं तसं आवळ.” दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर मरोळची वीज पिऊन, गाडी पुन्हा रांगायला लागली आणि कासव पुन्हा ठळक झालं.

शास्त्रात याला पुरावा म्हणतात. जॉनी इस्त्रीचा शर्ट घालून वीज कंपनीच्या ऑफिसात गेला. जोसेफीन मागोमाग, कारण आता त्याला एकटं सोडायची तिला दोन्हीकडून भीती वाटत होती.

ऑफिसात नवीन जोडणीची खिडकी होती, नावबदलाची होती, वीज गेल्याची होती. पातळ विजेची नव्हती. जॉनी वीज गेल्याच्या खिडकीवर उभा राहिला.

“कधीपासून गेली आहे?” आतल्या बाईंनी विचारलं.

“गेली नाय. येते. पण पातळ येते.”

बाईंनी चष्मा काढला. “काका, व्होल्टेज कमी येतं का?”

“व्होल्टेजचं मला नाय माहीत. मी तुम्हाला मुलुंडची वीज भरून दाखवतो आणि मरोळची भरून दाखवतो. फरक तुम्हीच बघा.”

“मुलुंड आमच्याकडे येत नाही.”

“म्हणूनच ती घट्ट हाय,” जॉनी म्हणाला.

इथे कंपनीचा स्वाभिमान दुखावला. आतून साहेब आले. आमच्या विजेत काहीही भेसळ नाही, हे त्यांनी ज्या कळकळीने सांगितलं ती पाहून जोसेफीनला त्यांचंही वाईट वाटलं. शेवटी ते म्हणाले, तुमच्या सबंध गल्लीची तपासणी करून लेखी देतो, मग तर झालं? जॉनी त्यांच्याशी हात मिळवूनच घरी आला.

माणसं आली. लोकांना वाटलं ती वर खांबावर बघतील. ती खाली मीटरकडे बघायला लागली.

क्रूसावर एक दिवा असतो. त्या दिव्याला स्वतंत्र मीटर आहे. कुणाच्या तरी आजोबांनी ते क्रूसाच्याच नावावर घेतलेलं, आणि त्याचं बिल गल्ली वर्गणीतून भरते. देवाच्या दिव्याला वीज लागणार किती? म्हणून ग्लेनरॉयने आपला एक फ्रीझर तिकडे जोडला होता. मग दुसरा. मग ख्रिसमसच्या आधी तिसरा. आणि लॉईडने, लग्न दारात आलं म्हणून, मांडवाची सगळी रोषणाई. तपासणीवाल्यांनी क्रूसासमोर उभं राहून बराच वेळ आकडे पाहिले. त्यातल्या एकाने जाताना क्रूसाला हातही जोडले.

दोन दिवसांत नोटीस चिकटली. ‘श्री. होली क्रॉस, क्रूसाची गल्ली, यांस. आपण आपल्या जागेत व्यावसायिक शीतगृह व मंडप चालवीत असल्याचे निदर्शनास आले असून, आपण समक्ष हजर राहून खुलासा करावा.’ मांडवाची वीज कापली. तीन फ्रीझरमधली सॉसेजेस गल्लीत घरोघर, मासळीवर मासळी रचावी तशी, मिळेल त्या फ्रिजमध्ये कोंबली गेली. नलिनीताई कडक शाकाहारी सोमवार पाळणाऱ्या. त्यांनीही ‘कुणाक सांगा नको’ म्हणत एक पिशवी आत घेतली.

जॉनीवर कुणी रागावलं नाही, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. राग आला असता तर कुणीतरी काहीतरी बोललं असतं.

उलट जॉनीच तापला होता. “हे मीटरचं कायतरी काढून मूळ तक्रार दाबतायत ते,” तो म्हणाला. “मी त्यांच्या वरच्या ऑफिसात जाणार.” आणि शर्ट इस्त्रीला टाकायला गेला. तो नाक्याकडे वळल्यावर लॉईड आणि ग्लेनरॉय जोसेफीनच्या दारात येऊन उभे राहिले.

“आन्टी, टिनाला सांगा ना,” ग्लेनरॉय म्हणाला. “ते कासव काढून टाका. अंकल आणखी वर गेले तर घरातल्या पंख्यांपर्यंत येतील ते लोक.”

जोसेफीन पीठ मळत होती. तिचे हात थांबले. “तुला कुणी सांगितलं कासवाचं?”

“पहिल्याच दिवशी फोनवर बघितलं मी. सगळ्यांना ठाऊक हाय.”

“मग ती पातळ वीज?”

ग्लेनरॉयने मान खाली घातली. “तुमच्यासाठीच काढली होती. मला वाटलं, अंकलना कायतरी कारण मिळेल आणि गप्प बसतील.”

जोसेफीनला हसू आलं, आणि ते अर्ध्यावर मोडलं. म्हणजे टायर, वजन, देवळातलं कासव, सगळी गल्ली तिच्याबरोबर खोटं वाहत होती, पालखीला खांदा द्यावा तशी, आणि ती मात्र एकटीच वाहतेय असं समजत होती.

“काढते कासव,” ती म्हणाली. “आणि लग्नाच्या दिवशी पुढे पोरं असतील. लॉईड, गाडीत तुझी वेन्डी असेल. तू बोल काय करू.”

लॉईडने तोंड उघडलं. अंगणात मांडव अंधारात उभा होता. “मी भाड्याची गाडी बघितली होती,” तो म्हणाला. “सांगायला गेलो पण त्याच्याकडे. तर तो सूटाचं माप द्यायला निघालेला. म्हणाला, वेन्डीसाठी नवीन शिवतोय.” त्याने डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. “मग मी बॅन्डचं विचारून परत आलो.”

“तू तरी बोल गो, जोसेफीन,” तो म्हणाला. “तू बायको हायस.”

लग्नाच्या आदल्या दिवशी बायका लुगडी नेसून, वाजतगाजत, विहिरीवरून उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या आंघोळीचं पाणी, घेऊन आल्या. जॉनी सगळ्यांच्या पुढे नाचला. घरी आल्यावर जोसेफीनने रोजच्यासारखा त्याचा पाय मांडीवर घेतला, तळवा उलटा केला, आणि तिला टाचेत रुतलेली मांडवाची टाचणी दिसली. डोक्यापर्यंत आत गेलेली. तो तिच्यावर नाचला होता.

“काय करतेस?” जॉनीने विचारलं. तो उद्याच्या टायची गाठ बघत होता.

आता बोलायचं, असं जोसेफीनने ठरवलं. तिने टाचणी उपसली. त्याला तेही कळलं नाही.

“नखं वाढलीत,” ती म्हणाली.

सकाळी टिना आली. आईने तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली. टिना म्हणाली, “आई, नक्की?” जोसेफीनला नक्की काहीच नव्हतं. पण मांडवात अंधार होता, क्रूसावर नोटीस होती, आणि तो माणूस नवा सूट घालून आरशासमोर उभा होता. टिनाने बटण दाबलं.

गाडी मोगऱ्याने सजली होती. वेन्डी पांढऱ्या झग्यात मागे बसली, झगा आत घ्यायलाच तीन बायका लागल्या. पुढे बॅन्डवाल्यांनी सूर धरला. बॅन्डच्या मागे पोरांनी टोपल्या घेऊन रांग लावली. जोसेफीन पुढच्या सीटवर बसली आणि तिने हँडल धरलं.

जॉनी बसला. चावी फिरवायची नसते या गाडीत. त्याने बटण दाबलं. पडदा उजळला.

“कासव गेलं,” तो म्हणाला.

“गेलं, गेलं,” ग्लेनरॉय खिडकीशी म्हणाला. कुणी टाळी वाजवली नाही. लॉईड नवरीचा बाप; त्याने मागे मुलीशेजारी बसायचं. पण तो अजून बोनेटपुढेच उभा होता, मोगऱ्याची एक माळ नीट करत. ती नीटच होती. नलिनीताईंनी रांगेतल्या सगळ्यात लहान पोराला कडेवर उचलून घेतलं. बॅन्ड वाजत होता, आणि बॅन्ड सोडून सगळी गल्ली जॉनीकडे बघत होती.

जॉनीने समोर पाहिलं. पोरांच्या पाठी, वेण्या, टोपल्या. त्याने हात स्टीअरिंगवर ठेवले. मग काढले. गुडघ्यावर ठेवले. बाजूचं बटण दाबून आपली काच वर केली, मग जोसेफीनची. बाहेरचा बॅन्ड एकदम दूर गेल्यासारखा झाला. आतमध्ये वेन्डीच्या झग्याची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

त्याने मान वळवली नाही. समोरच बघत, डेअरीत पहाटे हाताखालच्या माणसाला काहीतरी सांगावं तशा साध्या आवाजात तो म्हणाला,

“जोसू, जरा वाकून बघ गो. माझा पाय कंच्या पेडलवर हाय?”